व्हरांड्याच्या चार फेऱ्या

देवरे मॅडमना खुर्चीत बसलेलं मी सोळा वर्षांत कधी पाहिलं नाही. खाली बसलेलं एकदाच पाहिलं, तेही पायरीवर. त्या बसण्याला थोडाफार मी कारण होतो, म्हणून हे लिहायला घ्यायला मला इतकी वर्षं लागली. लिहितानाही दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

आमचं कॉलेज गंगापूर रोडला. त्या संख्याशास्त्राच्या, मी भौतिकशास्त्राचा. दोन्ही विभाग एकाच व्हरांड्यावर, मधे पिण्याच्या पाण्याची टाकी. त्यामुळे दिवसातून वीस वेळा तरी त्या माझ्या दारावरून जायच्या. सुती साडी, पदर खोचलेला, पायात रबरी तळाच्या चपला, आणि चाल अशी की कुणीतरी मागे लागलंय किंवा यांना कुणाच्या तरी मागे लागायचंय. स्टाफरूममध्ये चहासुद्धा उभ्याने. बशी खिडकीत ठेवायची, कप हातात, आणि खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. आमचे मराठीचे सर वैतागून म्हणायचे, "मॅडम, तुमच्याकडे बघून आम्हाला धाप लागते. बसा की जरा."

"बसलं की डुलकी येते," त्या म्हणायच्या, "आणि डुलकी आली की सरासरी पटायला लागते."

सरासरीवर त्यांचा भारी राग होता. संख्याशास्त्राच्या बाईंनी सरासरीवर डाफरावं म्हणजे आचाऱ्याने मिठाशी भांडण काढावं तसं होतं. पण त्या डाफरायच्या. वर्गाची सरासरी एकोणपन्नास आली, असं कुणी म्हणालं की लगेच विचारायच्या, "एकोणपन्नास नक्की कुणाला पडले? कुणालाच नाही ना? मग आपण बोलतोय कुणाबद्दल?" समोरचा निकालाचा कागद चाळायला लागायचा. तोवर बाई दाराबाहेर.

मूळच्या त्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं आमच्यासारखंच, शहरी. पण संताप किंवा आनंद अंगात आला की अहिराणी बाहेर पडायची. वहीत घोळ दिसला की वही डोळ्यांजवळ नेऊन त्या विचारायच्या, "हाई काय शे?" हा प्रश्न भिंतीपलीकडून ऐकू आला की शेजारच्या वर्गात माझासुद्धा खडू थांबायचा. चूक माझी नसायची, तरी थांबायचा.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे नोंदी. कुणाबद्दल काही बरंवाईट बोललं की त्या विचारणार, "किती नोंदी आहेत तुमच्याकडे?" नवा आलेला एक तरुण प्राध्यापक पहिल्याच दिवशी अर्धा तास उशिरा आला आणि स्टाफरूमने त्याला आळशी ठरवून टाकलं. मॅडम कप घेऊन कपाटापाशी पोचल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "एक नोंद आहे. एका नोंदीवरून मत बनवायचं नाही. अजून वीस दिवस बघा आणि मग काय ते बोला." हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. भाचीला स्थळ आलं तेव्हा या बाई मुलाला चार वेळा बघून आल्या, चारही वेळा न कळवता. एकदा त्याच्या दुकानात, एकदा सकाळी दूध आणायला निघाला तेव्हा, एकदा पावसात बसस्टॉपवर, आणि एकदा त्याच्या धाकट्या भावाशी त्याचं भांडण चाललं होतं तेव्हा. भाचीने विचारलं, "मावशी, कसा आहे?" तर म्हणाल्या, "नमुना लहान आहे, पण हरकत नाही. भांडताना आवाज चढत नाही." लग्न झालं. आता त्यांची मुलं कॉलेजात आहेत.

त्यांच्याकडे विद्यार्थी मोजकेच. शेवटच्या वर्षाला संख्याशास्त्र घेणारे पाच, फार तर सात. बहुतेक मळेवाल्यांची मुलं. पहाटे भाजी तोडून, गाडीत घालून, मग कॉलेजात यायची. त्यांतली छाया पिंगळे मखमलाबादची. घरी टोमॅटो आणि झेंडू. बोटांना झेंडूचा पिवळा डाग कायम. दुसरा संदीप, एकलहऱ्याचा, वडील वीजकेंद्रात. लोडशेडिंग सुरू झालं की सगळे संदीपकडे असे बघायचे की जणू बटण त्याच्या घरात आहे.

एकदा मॅडमनी त्या वर्षीच्या पाचही जणांना घरी पाठवलं. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजाऱ्याच्या मळ्यातल्या कॅरेटमधून चाळीस टोमॅटो घ्यायचे, एकेकाचं वजन करायचं, वहीत लिहायचं. बाजारात जातं तेच प्लास्टिकचं कॅरेट. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. मॅडमनी पाचही वह्या फळीवर मांडल्या आणि फेऱ्या घालायला लागल्या. मी पाणी प्यायला टाकीपाशी आलो होतो, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"असे टोमॅटो बाजारात मिळत असते तर मी रोज भाजी केली असती," मॅडम म्हणाल्या. "सगळे एका मापाचे? लहान एकही नाही? हाई काय शे?"

त्या वळून पुन्हा फळीपाशी आल्या.

"कॅरेटमधले कुठले घेतले?"

"वरचे, मॅडम," छाया म्हणाली.

"सगळ्यांनी वरचेच?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना प्रश्नच कळत नव्हता. शेवटी छायाच बोलली. "मॅडम, वरचा थर दाखवायचाच असतो ना. व्यापारी आला, पाहुणा आला, तो वरचा बघतो. निवडून निवडून लावलेला असतो तो. आमच्यात कुणी खाली हात घालत नाय. घरचे ओरडतील."

मला वाटलं, आता खैर नाही. पण मॅडमचा चेहरा उजळला. त्या चक्क दोन पावलांपुरत्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षातून एक भरलेलं कॅरेट आलं आणि त्यांनी ते वर्गाच्या मधोमध ओतलं. वरचे टपोरे कुठल्या कुठे गेले, खालचे बारके, चेपलेले, हिरवे, एक-दोन सडके व्हरांडाभर पळाले. एक माझ्या दारातून आत आला. "आता डोळे मिटून उचला," त्या पोरांना सांगत होत्या. "हाताला येईल तो. तुम्ही कुणी लबाडी केली नाही, मला माहीत आहे. हात आपोआप वर जातो. आपल्या विषयाचं सगळं काम एवढंच, हाताला खाली जायला शिकवायचं."

त्या दिवसापासून 'खालचा थर' हा आमच्या व्हरांड्यावरचा शब्द झाला. प्राचार्य सभेत कॉलेजच्या प्रगतीचं भाषण करायला लागले की मॅडम माझ्या कानाशी येऊन, अर्थात उभ्याने, पुटपुटायच्या, "वरचा थर." मी हसू दाबायचो. पुढे मीच त्या थरात जाऊन बसणार आहे हे तेव्हा मला कुठं ठाऊक होतं.

त्या पाच जणांनी मग पूर्ण हंगामभर, रोज, सगळ्या थरांतून टोमॅटो उचलून वजनं लिहिली. जाडजूड सात वह्या भरल्या.

आणि त्याच सुमाराला विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात लिहिलं होतं की शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिकं यापुढे संगणकावर, संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरून व्हायला हवीत. तपासायला समिती येणार. सोय नसेल तर शेवटच्या वर्षाची मान्यता जाणार. शेवटचं वर्ष गेलं की विभाग गेला. मॅडमनी वीस-बावीस वर्षं पायाला भिंगरी लावून उभा केलेला विषय कॉलेजातून उठणार. इतकं सरळ होतं ते.

कॉलेजात संगणक नव्हते असं नाही. पंचवीस होते, नवे कोरे, थंड खोलीत, जनरेटरसकट. पण ते फी भरून शिकायच्या नव्या कोर्ससाठी. त्या खोलीचा प्रमुख मी. भौतिकशास्त्राच्या माणसाला तारा कळतात, एवढ्या भांडवलावर प्राचार्यांनी मला नेमलं होतं, आणि पुढे उपप्राचार्यपदासाठी माझं नाव जाईल असं सूचितही केलं होतं. किल्ली माझ्या खिशात असायची.

मॅडम माझ्याकडे आल्या. "आठवड्यातून दोन तास, सर. पाच पोरं. कोपऱ्यात बसतील."

"माझं काही नाही हो," मी म्हणालो. "प्राचार्यांना विचारावं लागेल."

"विचारा."

मी विचारलं नाही. म्हणजे विषय काढला, प्राचार्यांच्या कपाळावर आठी दिसली, आणि मी दुसरंच काहीतरी बोललो. मॅडमना सांगितलं की जमत नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा त्यांनी किल्लीचं नाव काढलं नाही.

महिन्याभरात मॅडमच्या मोपेडच्या हुकाला लटकवलेली एक गोधडीच्या कापडाची पिशवी कॉलेजात आली. आत लॅपटॉप. पुण्यात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कंपनीने मोडीत काढलेला. वजनाला पाटा, चालीला गोगलगाय. झाकणाची बिजागरी गेलेली, म्हणून पाठीमागे लॉग टेबलांची चार पुस्तकं टेकू म्हणून. तापायचा, म्हणून खाली दोन डस्टर, मधून वारा जायला. पाचचं बटण निघालेलं. पाच लिहायचा झाला की बॉलपेनच्या रिफिलने आत टोचायचं. बॅटरी पाऊण तास म्हणायची आणि दोन-चार मिनिटांत मान टाकायची. त्या विद्यार्थ्याने सोबत एक सीडी पाठवली होती. परदेशातल्या काही प्राध्यापकांनी मिळून लिहिलेलं आणि जगाला फुकट दिलेलं सॉफ्टवेअर. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. रिकामा पडदा आणि एक लुकलुकणारी खूण. आपण आज्ञा टाईप करायची, त्याने उत्तर द्यायचं. उत्तर द्यायची त्याला इच्छा असली तर.

"फुकट कसं देतात हो लोक?" मी विचारलं.

"उभ्याने काम करणारे असतील," मॅडम म्हणाल्या.

त्या मशीनला सात वह्या पेलेनात. जागा नाही, असा इंग्रजीतला संदेश येऊन ते गपगार व्हायचं. मॅडमनी वह्यांचे तुकडे केले, तुकड्यांची उत्तरं काढली, ती जोडायची रीत पोरांकडूनच काढून घेतली. मला म्हणाल्या, "तुमच्या खोलीतल्या मशीनवर हे शिकवता आलं नसतं. त्यांना सगळं पेलतं. याला पेलत नाही, म्हणून निवडून घ्यावं लागतं, आणि निवडणं हाच तर माझा विषय." टोमणा होता की नाही कुणास ठाऊक. मी मात्र तो टोमणा म्हणूनच घेतला आणि दोन दिवस अस्वस्थ राहिलो.

मुख्य प्रयोग चिठ्ठ्यांचा. एका बिस्किटांच्या डब्यात वजनांच्या चिठ्ठ्या. डोळे मिटून एक काढायची, लिहायची, परत डब्यात टाकायची, डबा हलवायचा, पुन्हा काढायची. चाळीस झाल्या की त्यांचं उत्तर काढायचं. असं पुन्हा पुन्हा केलं की आपल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. हाताने वीस-तीस वेळा होतं. मशीनला तेच दोन हजार वेळा करायला सांगायचं. कुठवर आलं ते कळावं म्हणून दर शंभराला पडद्यावर आकडा उमटेल अशी व्यवस्था छायाने केली होती. शंभर. दोनशे. तीनशे. मशीन कण्हायचं, पंखा घरघरायचा.

आणि वाट बघणं मॅडमना शक्य नव्हतं. आज्ञा दिली की त्या व्हरांड्यात. पाचही पोरं मागे. ग्रंथालयाच्या दारापर्यंत जायचं आणि परत. चालता चालता तोंडी प्रश्न. लवकरच त्यांच्याकडे वेळेचं मापच ते झालं. आलेख काढायचा म्हणजे एक फेरी. तुकडे जोडायचे म्हणजे दोन. डब्याचा प्रयोग, दोन हजार वेळा, चार फेऱ्या. मिनिटांत कुणी बोलेचना. संदीप एकदा मला म्हणाला, "सर, ग्रंथालयापर्यंतच्या रस्त्यानं मी अख्खा पेपर पाठ केलाय. बसून काही आठवतच नाय आता."

समिती आली ती एका गुरुवारी. तीन जण. अध्यक्ष सौम्य चेहऱ्याचे, जाड चष्म्याचे. प्राचार्यांनी स्वागत केलं आणि आम्हा विभागप्रमुखांना मागे मागे फिरवलं. संख्याशास्त्राच्या वर्गात मॅडमनी सगळं तयार ठेवलं होतं. लॅपटॉप, डस्टर, लॉग टेबलं, रिफिल, बिस्किटांचा डबा. सात वह्या रचून. त्या दिवशी वीज दुपारनंतर जाणार, असं संदीपने वडिलांच्या हवाल्याने शपथेवर सांगितलं होतं.

छायाने आज्ञा दिली. शंभर उमटलं.

"किती वेळ लागेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"चार फेऱ्या," मॅडम म्हणाल्या, आणि समितीला व्हरांड्यात घेऊन गेल्या. काय सांगू, ते तिघे खरंच गेले. पहिल्या फेरीला अवघडून, दुसऱ्या फेरीला अध्यक्ष हातवारे करून काहीतरी विचारत होते आणि मॅडम चालता चालता भिंतीवर बोटाने आलेख काढून दाखवत होत्या. तिसऱ्या फेरीला ते हसत होते. प्राचार्य घड्याळ बघत होते. मला वाटलं, जमलं. खरंच वाटलं, आणि बरं वाटलं, कारण मग माझ्या किल्लीचा प्रश्नच उरत नव्हता.

तिसऱ्या फेरीत वीज गेली. बॅटरीवर मशीन चालत राहिलं. अकराशे. बाराशे. सगळे टेबलाभोवती जमलो. तेराशे. चौदाशे. पडदा काळा झाला.

संदीपने कपाळाला हात लावला. आणि त्याच वेळी अंगणापलीकडे माझ्या खोलीचा जनरेटर धडधडत सुरू झाला. पंचवीस संगणकांच्या त्या खोलीच्या खिडक्या उजळल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

अध्यक्ष भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, काल करून बघितलंच असेल तुम्ही. ते उत्तर दाखवा ना. आम्हाला चालेल."

उत्तर वहीत होतं. मी स्वतः पाहिलं होतं. छायाचा हात वहीकडे गेलाही.

"ते कालचं आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आज आलात. कालचं आज म्हणून दाखवलं तर तो वरचा थर झाला." मग त्यांनी डबा पुढे केला. "हाताने तीस वेळा झालंय आज सकाळपासून. पोरांनी काढलंय. ते बघा."

अध्यक्षांनी खरंच बघितलं. मान डोलावली. पण त्यांच्या हातात छापील फॉर्म होता आणि त्यात डब्यासाठी रकाना नव्हता. "चला, चहा घेऊ," प्राचार्य म्हणाले, आणि सगळ्यांना माझ्या थंड खोलीत घेऊन आले. मॅडम दाराशी थांबल्या. आत आल्या नाहीत.

अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने विचारलं, "भालेराव सर, संख्याशास्त्राला इथे तास मिळतात का?"

आता ही दोन शब्दांची गोष्ट होती. 'देता येतील.' एवढंच. खोटंही ठरलं नसतं. किल्ली माझीच होती. त्यांनी रकान्यात खूण केली असती आणि विषय वाचला असता. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते बिस्किटांच्या प्लेटकडे पाहत होते.

"वेळापत्रकात नाहीत," मी म्हणालो.

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मी दाराकडे बघितलं तर मॅडम तिथे नव्हत्या. चहा तसाच ठेवून मी बाहेर आलो. अंगणाकडे उतरणाऱ्या पायरीवर त्या बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, पदर सुटलेला. छाया शेजारी डबा धरून उभी. जवळ जायची माझी छाती झाली नाही. मी खांबाआड उभा राहून त्या उठायची वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला. चार फेऱ्यांहून जास्तच असेल.

अहवालात लिहून आलं, संगणक सुविधा अपुरी. आहेत त्या विद्यार्थ्यांनी पदवी पुरी करावी, पुढे या विषयाला नवे प्रवेश नाहीत. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडम नेहमीसारख्या कप घेऊन खिडकी ते कपाट करत होत्या. माझ्यापाशी आल्यावर पाऊल न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही खोटं नाही बोललात, सर." आणि कपाटाकडे गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच दिवशी मोकळा झालो असतो.

दोन वर्षांनी शेवटची तुकडी बाहेर पडली आणि मॅडमनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभाला हारतुरे झाले, खुर्ची ठेवली होती, त्या उभ्याच राहिल्या. मी उपप्राचार्य झालो नाही. त्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव गेलं. त्याचं दुःख मला कधी नीट झालंही नाही. रात्री पडलं की एकच वाक्य घोळायचं, वेळापत्रकात नाहीत, वेळापत्रकात नाहीत. मग उठून घरातल्या घरात चालायचं. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर ते गॅलरी सतरा पावलं होतात.

असेच तीन-चार उन्हाळे गेले. मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं, घाऊक टोमॅटो घ्यायला म्हणून त्याची गाडी घेऊन मी एका दुपारी लिलावाच्या आवारात गेलो. कॅरेटांचे डोंगर, माणसांची रेटारेटी, टेम्पो मागे घेणाऱ्यांचा आरडाओरडा. आणि त्या गर्दीत, शेडच्या कडेने, एक बाई ताडताड चालत चाललेली. पदर खोचलेला.

शेडच्या खांबापाशी पालथ्या कॅरेटवर तोच लॅपटॉप. खाली दोन डस्टर. शेजारी छाया, आता अंगाने भरलेली, कडेवर मुलगी. तिच्याभोवती सात-आठ मळेवाले.

"सर, तुम्ही?" छाया हसली. "लिलावाच्या आधी आम्ही खालच्या थरातनं उचलून वजनं घेतो. आपला माल नेमका कसा हाय ते आपल्याला आधी ठाऊक असलं की भावाला दबून बोलावं लागत नाय. दर गुरुवारी मॅडम येतात. लय शिव्या खातो आम्ही."

मी मॅडमना गाठलं. त्या थांबल्या नाहीत, मीच त्यांच्या बरोबरीने चालू लागलो.

"बरे आहात?" त्यांनी विचारलं.

बरं नव्हतो. इतकी वर्षं घोकलेलं सगळं विसरलो आणि जे आलं ते बोललो. "मॅडम, त्या दिवशी मला 'देता येतील' म्हणता आलं असतं."

"हो," त्या म्हणाल्या. शेडचं टोक आलं, आम्ही वळलो. "पण तुमची माझ्याकडे एकच नोंद आहे, सर. एका नोंदीवरून मी मत बनवत नाही. चाला, मधे थांबू नका."

मी त्यांच्या पावलाला पाऊल लावत राहिलो. तेवढ्यात छायाने हाक मारली. "मॅडम, बॅटरी संपत आली. जिच्यावर लावतो ती पिकअप वजनकाट्यावर गेलीय, यायला वेळ लागंल. लिलाव तर आता होईल सुरू."

मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी मघापासून गाडीची किल्ली बोटात फिरवत होतो, ते मलाही कळलं नव्हतं.

"गाडी कुठे आहे?"

"मागेच, शेडला लागून."

"इंजिन चालू ठेवावं लागेल. वायर आहे छायाकडे, लायटरमध्ये लावायची. द्या."

गाडी मेहुण्याची. माणूस नव्या गाडीत चपला झटकून बसायला लावणारा. त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. किल्ली देऊन टाकली. छायाने ती एका मळेवाल्याकडे फेकली, तो चिखलाच्या पायांनी आत बसला, इंजिन सुरू झालं, खिडकीतून वायर आली. छायाने वाकून पडद्यावर पाहिलं. "चाललंय. तेराशे."

मॅडम तोवर पुन्हा निघाल्याच होत्या. मी मागे.

"आता दोन नोंदी झाल्या," त्या पुढे बघतच म्हणाल्या.

"दोन पुरतात?"

"छे. दोनावर काय होतंय. येत जा गुरुवारी."

मी खांबापाशी थांबलो, मला धाप लागली होती. पडद्यावर चौदाशे उमटलं. मी पडद्याजवळ वाकलो. मग पंधराशे उमटलं. सोळाशे. मळेवाले गोळा झाले, छायाची मुलगी आकड्यावर बोट ठेवायला धडपडत होती. शेवटी छाया उठून उभी राहिली आणि शेडच्या त्या टोकाकडे ओरडून म्हणाली, "मॅडम, दोन हजार झाले."

मॅडम पार टोकाला पोचल्या होत्या. तिथूनच त्यांनी ऐकलं असं सांगायला हात वर केला आणि चालत राहिल्या, कारण त्यांची चौथी फेरी अजून पुरी व्हायची होती.